लहान मुलांच्या घरासाठी आप्पेपात्र : बीडाचं, नॉनस्टिक की साधं ॲल्युमिनियमचं?

आप्पेपात्र घेताना खळगे किती आणि किंमत किती, एवढंच बहुतेक जण बघतात. घरात दोन ते सात वर्षांचं मूल असेल तर त्याआधी एक प्रश्न विचारावा. पात्र गार असताना पीठ भरलं आणि मग गॅसवर चढवलं, तर आप्पे सुटून येतात का?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण मुलांना हाताशी घेऊन करता येतील अशा न्याहारीच्या पदार्थांत आप्प्यांचा नंबर फार वरचा आहे. पोळी लाटायला दिली तर आकार जमत नाही, धिरडं पसरायला तवा तापलेला लागतो, इडलीत मुलाला करण्यासारखं फारसं काही नसतं. आप्प्याला आकार पात्र देतं. मुलाने चमचा भरायचा, खळग्यात सोडायचा आणि पुढच्या खळग्याकडे जायचं. जेमतेम चार सेंटिमीटरचा खळगा लहान मुलाच्या मापाचाच वाटतो. भातुकलीत मांडलेल्या वाट्यांसारखाच तो दिसतो, फरक इतकाच की यातून खरा नाश्ता तयार होतो. पण पात्र तापलेलं असेल तर यातलं काहीही मुलाच्या वाट्याला येत नाही. ते लांब उभं राहून बघत बसतं. म्हणून इथे तिन्ही प्रकारची पात्रं याच एका कसोटीवर तोलली आहेत.

तीन धातू, तीन स्वभाव

बीडाचं पात्र, म्हणजे ओतीव लोखंडाचं. चवीत याला तोड नाही. जाड बीड एकदा तापलं की उष्णता धरून ठेवतं, आप्प्याला बाहेरून खरपूस, पातळ, कुरकुरीत साल येते आणि आत जाळी पडते. आंबवलेल्या पिठात थोडं लोहही उतरतं. ते औषध म्हणून धरू नये, पण वाईट नक्कीच नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली वजनाची. १२ खळग्यांचं बीडाचं पात्र तीन किलोच्या आसपास भरतं, आणि असं भांडं तापलेलं असताना टेबलावर नेणं-आणणं मूल असलेल्या घरात धोक्याचं. दुसरी अडचण नेमकी गार भरण्याची. बीडात पीठ घालताना खळगा तापलेला आणि तेलाने ओला लागतो. तापलेल्या खळग्यात पीठ पडताक्षणी तळाशी वाफ सुटते आणि आप्पा लगेच साल धरतो. गार बीडात पीठ हळूहळू तापतं, तोवर ते तेल बाजूला सारून धातूच्या बारीक खरखरीत पृष्ठभागात शिरून बसतं. मग उलथताना अर्धा आप्पा वर येतो आणि अर्धा तळाशी राहतो. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या पात्रातही गार भरलेला घाणा बेभरवशाचा असतो.

नॉनस्टिक पात्र याच्या उलट. साल बीडाइतकी खरपूस येत नाही, आप्पा जरा मऊ आणि फिकट राहतो. पण गार पात्राला तेल लावून पीठ भरलं आणि मग गॅसवर ठेवलं तर आप्पे हमखास सुटतात. वजन किलोच्या आतबाहेर असतं, त्यामुळे भरलेलं पात्र न सांडता टेबलावरून ओट्यावर नेता येतं. शिवाय नॉनस्टिकची एक सक्त अट गार भरण्याने आपोआप पाळली जाते. हे भांडं रिकामं तापवायचं नसतं. साधारण २६० अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा थर खराब होऊ लागतो आणि त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो. मोठ्या आचेवर रिकामं पात्र काही मिनिटांत तिथवर पोचतं. घरात पाळलेले पक्षी असतील तर जास्तच जपावं, या धुराने पक्षी दगावतात. पीठ आणि तेल आत असताना, मंद आचेवर, हा प्रश्न येत नाही.

साधं ॲल्युमिनियमचं किंवा हिंडालियमचं पात्र सगळ्यांत स्वस्त आणि हलकं. घरात लहान मूल असो वा नसो, आमची त्याला पसंती नाही. पातळ धातूमुळे मधले खळगे जळतात आणि कडेचे कच्चे राहतात. तेल सढळ घातल्याशिवाय आप्पे सुटत नाहीत. आंबट पीठ आतल्या धातूला हळूहळू खातं.

विजेवर चालणारी पात्रंही मिळतात. ती जेवणाच्या टेबलावर ठेवायची असतात, म्हणजे तापलेला पत्रा आणि लोंबणारी वायर दोन्ही बरोबर मुलाच्या हाताच्या उंचीवर येतात. पाच वर्षांखालचं मूल असेल तर ती नकोतच.

तर निवाडा असा. मूल सहा-सात वर्षांचं होईपर्यंत १२ खळग्यांचं, सपाट बुडाचं, झाकणासह नॉनस्टिक. ते झिजून टाकायची वेळ येईल तेव्हा बीडाचं घ्यावं. तोवर मूलही तापलेल्या पात्रापाशी उभं राहण्याइतकं मोठं झालेलं असतं.

दुकानात काय बघायचं

पात्र हातात घेऊन सपाट जागेवर ठेवा आणि कडेच्या एका खळग्यावर बोटाने दाबा. ते डुगडुगत असेल तर घेऊ नका. अनेक पात्रांत खळग्यांची बुडं खाली गोल आलेली असतात. गॅसच्या जाळीवर ती बसतात, टेबलावर मात्र मुलाचा कोपर लागला की कलंडतात. खालून सपाट पत्रा किंवा सगळीकडून उतरलेली कड असलेलं पात्र स्थिर राहतं.

मग खळग्याची खोली बघा. तोंड चार सेंटिमीटर असेल तर खोली दोन सेंटिमीटरच्या जवळपास हवी. अशा खळग्यात १५ ते १७ मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे पोह्याचे जवळपास दोन चमचे. काही पात्रांत खळगे उथळ, बशीसारखे असतात. त्यातला आप्पा उलथायला गेलं की फिरत नाही, घसरतो, आणि चेंडूऐवजी चकती होते. तळाशी कोन नको, सलग गोलाई हवी. गोलाई असली की काडी कडेने घातल्याबरोबर आप्पा स्वतःच गर्रकन फिरतो.

दांडा एक लांब असण्यापेक्षा दोन्ही बाजूंना छोटे कान असलेले बरे. लांब दांडा ओट्याच्या कडेबाहेर येतो आणि मुलाचा हात त्यालाच आधी जातो. एकच दांड्याचं पात्र घरात असेल तर शिजवताना दांडा भिंतीकडे वळवून ठेवायची सवय लावून घ्या. दांड्याचा स्क्रू दर महिन्याला पिळून बघावा, सैल दांड्याचं भरलेलं पात्र उचलताना वाकडं होतं.

झाकण काचेचं असेल तर उत्तम. मूल लांबून आप्पे फुगताना बघू शकतं. झाकणाला वाफेचं भोक हवं. ते नसेल तर वाफेचं पाणी आप्प्यांवर ठिबकतं आणि वरचा भाग चिकट होतो.

सात खळगे की बारा? चार माणसांच्या न्याहारीला तीस ते छत्तीस आप्पे लागतात. मोठी माणसं दहाच्या आसपास खातात, चार वर्षांचं मूल चार-पाच. बारा खळग्यांत तीन घाणे होतात, सातात पाच. तेवढा वेळ मूल थांबत नाही, त्यामुळे बाराच घ्या.

इंडक्शन वापरणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. बीडाचं पात्र इंडक्शनवर चालतं, पण बूड सपाट असेल तरच. ॲल्युमिनियमवर थर दिलेलं नॉनस्टिक चालत नाही, त्याच्या बुडाला लोखंडी किंवा स्टीलची चकती बसवलेली असावी लागते. दुकानात लोहचुंबक लावून बघा. नुसता तळाच्या मधोमध चिकटला आणि कडेला नाही, तर कडेचे खळगे कच्चे राहतील हे समजून चाला.

गार भरण्याची रीत

टेबलावर ओला करून पिळलेला जाडसर पंचा चौघडी घालून पसरा आणि त्यावर पात्र ठेवा. ओल्या कापडावर पात्र सरकत नाही आणि सांडलेलं पीठही त्यातच राहतं. तेल लावायचं काम मुलाचं. एका वाटीत दोन चहाचे चमचे तेल द्या, ब्रश द्या, प्रत्येक खळगा तळापासून काठापर्यंत पुसून घ्यायला सांगा. चमच्याने तेल ओतू देऊ नका. गार पात्रात ओतलेलं तेल तळाशी साचतं, त्यावर पीठ पडलं की ते वर ढकललं जातं आणि खळग्याच्या भिंती कोरड्या राहतात. बारा खळग्यांना एवढं तेल पुरून उरतं.

पीठ पातेल्यातून द्यायचं नाही, छोट्या जाड बुडाच्या वाटीत द्यायचं, आणि वाटी एका वेळी अर्धीच भरायची. चमचा पोह्याचा. दीड चमचा पीठ म्हणजे खळगा पाऊण भरतो. मुलाला ‘पाऊण’ कळत नाही, म्हणून पहिला खळगा तुम्ही भरा आणि वर किती जागा सोडली ते बोटाने दाखवा. साधारण मुलाच्या नखाएवढी जागा राहिली पाहिजे. खळगा काठोकाठ भरला तर पीठ फुगून शेजारच्या खळग्याला जाऊन मिळतं आणि दोन आप्पे एक होतात. ते खायला बिघडत नाही, उलथायला मात्र अवघड जातं.

सारण घालायचं असेल तर अर्धा चमचा पीठ, मधोमध सारण, वर पुन्हा पीठ. सारण म्हणजे कुस्करलेला उकडलेला मटार, पनीरचा सेंटिमीटरभर तुकडा, किसलेलं चीज, बी काढून चिरलेला खजूर. चीज कडेला गेलं की वितळून धातूला लागतं आणि जळतं, त्यामुळे ते अगदी मध्ये पडलं पाहिजे. चार वर्षांच्या मुलाला हे नेमकेपण जमतं आणि आवडतंही. कोणत्या खळग्यात काय घातलं हे लक्षात ठेवायचा खेळ होतो. मात्र पात्र गोल असल्यामुळे ओट्यावर नेताना दिशा बदलते. एका कानाला दोरा बांधा, म्हणजे खूण राहते.

आता पात्र मोठ्या बर्नरवर, मंद ते मध्यम आचेवर. छोट्या बर्नरची ज्योत फक्त मधल्या खळग्यांना लागते. झाकण ठेवा. गार भरलेल्या घाण्याला पहिल्या बाजूने साडेचार ते पाच मिनिटं लागतात, तापलेल्या पात्रात हेच काम तीन मिनिटांत होतं. वरचा भाग ओला चकचकीत दिसायचा थांबला आणि कडा खळग्यापासून किंचित सुटल्या, की उलथायची वेळ झाली. मधले आधी उलथा, कडेचे शेवटी. लाकडी किंवा बांबूची काडी वापरा. विणकामाची सुई बीडाला चालते, नॉनस्टिकवर तिने ओरखडे पडतात. दुसरी बाजू झाकण न ठेवता दोन मिनिटं.

पहिल्या घाण्यानंतर पात्र तापलेलं असतं, त्यामुळे पुढचे घाणे मोठ्यांनी भरायचे. मुलाला हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर रुसवा ठरलेला. त्याच्या हाती त्या वेळी दुसरं काम द्या. ताटल्या मांडणं, आप्पे मोजून वाढणं, चटणीच्या वाट्या भरणं. घाईने पात्र गार करायला ते नळाखाली धरू नका. तापलेल्या ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं की बूड वाकतं आणि थर सुटायला सुरुवात होते.

पीठ

मुलांबरोबर करायला आंबवलेलं पीठच सर्वांत सोयीचं, आणि त्याला कारण आहे. रव्याच्या झटपट आप्प्यांत शेवटी सोडा किंवा इनो घालतात. त्याचे बुडबुडे लगेच उठतात आणि दहा मिनिटांत बसतात. मूल बारा खळगे भरायला सहा-सात मिनिटं घेतं, मध्ये दोनदा चमचा खाली पडतो, पुन्हा धुवावा लागतो. तोवर पीठ मेलेलं असतं. शेवटचे चार आप्पे गच्च निघतात. आंबवलेल्या पिठात हवा धरून ठेवण्याची ताकद असते, ते अर्धा तास टेबलावर राहिलं तरी बिघडत नाही.

माप असं. दीडशे मिलिलिटरची वाटी धरून दीड वाटी इडलीचा उकडा तांदूळ, अर्धी वाटी उडीद डाळ, पाव वाटी जाडे पोहे, अर्धा चहाचा चमचा मेथी. तांदूळ वेगळा, डाळ-मेथी वेगळी, पाच तास भिजत. पोहे वाटायच्या अर्धा तास आधी. डाळ आधी वाटायची, गार पाणी थोडं थोडं घालत, चिमटीत धरली तर लोण्यासारखी लागेपर्यंत. तांदूळ अगदी बारीक रव्याइतका कणीदार राहू द्यावा, आप्प्याच्या सालीला कुरकुरीतपणा त्याने येतो. दोन्ही एकत्र करून स्वच्छ हाताने दोन-तीन मिनिटं फेसायचं. इथे मुलाचा हात कोपरापर्यंत धुवून पिठात घालू द्या. पीठ इडलीच्या पिठाइतकंच दाट हवं, डोशासारखं सैल नको. चमचा तिरका केला की ते सलग धारेने न पडता गोळ्यागोळ्याने पडलं पाहिजे. एवढ्यात चाळीस-पन्नास आप्पे होतात, न्याहारी आणि दुसऱ्या दिवशीचा डबा.

मुंबई-कोकणात उन्हाळ्यात सात-आठ तासांत पीठ वर येतं. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीत चौदा-सोळा तासही लागतात. तेव्हा पातेलं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून किंवा शालीत गुंडाळून ठेवावं. परदेशात थंड घरात राहणाऱ्यांनाही ओव्हनच्या दिव्याचा उपाय लागू पडतो, ओव्हन मात्र चालू करायचा नाही.

पीठ आंबणं ही मुलाला दाखवण्यासारखी गोष्ट आहे आणि स्टीलच्या डब्यात ती दिसत नाही. एक वाटीभर पीठ उभ्या काचेच्या बरणीत वेगळं काढा. बरणी निम्मीच भरा, झाकण सैल ठेवा. पिठाच्या पातळीवर रबर बँड चढवायला मुलाला सांगा. झोपताना एकदा, उठल्यावर एकदा बघायचं. सकाळी पीठ रबराच्या दीड-दोनपट वर आलेलं असतं आणि काचेतून बुडबुडे स्पष्ट दिसतात. मग पेलाभर पाण्यात पिठाचा थेंब सोडायचा. तरंगला तर पीठ तयार, बुडाला तर आणखी तासभर थांबायचं. बरणी घट्ट बंद करू नका, आतल्या वायूने झाकण उडतं. वरच्या थरावर गुलाबी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर सगळं पीठ टाकून द्यावं, वरचा थर काढून चालत नाही.

भाजी किती घालावी? वाटीभर पिठाला पाव वाटी, त्याहून जास्त नाही. गाजर किसून पिळून, पालक बारीक चिरून, मटार उकडून कुस्करून. कांद्याचे मोठे तुकडे आप्प्याला फोडतात आणि तळाला चिकटतात, तांदळाच्या दाण्याएवढा बारीक चिरा. मीठ आणि भाजी भरायच्या वेळीच घाला. आधी घातली तर भाजीला पाणी सुटून पीठ सैल होतं आणि आप्पे बसके निघतात.

आंबवायला वेळ नसेल तर मूगडाळ. एक वाटी पिवळी मूगडाळ तीन तास भिजवून, पाणी पूर्ण निथळून, आलं-जिरं घालून वाटायची. पाणी जास्तीत जास्त दोन-तीन चमचे. मग डावाने एकाच दिशेला तीन-चार मिनिटं फेटायची. फेटणं टाळलं तर आप्पे दगडासारखे होतात. सोड्याची गरज नाही, म्हणून हेही पीठ मुलाच्या हाती द्यायला सुरक्षित. वीस-बावीस आप्पे होतात.

रव्याचे करायचेच असतील तर एक वाटी रवा, पाऊण वाटी दही, पाव ते अर्धी वाटी पाणी, वीस मिनिटं झाकून. रवा पाणी पितो, तेव्हा वीस मिनिटांनी पुन्हा चमचाभर पाणी लागेल. हे भिजणं टाळलं की आप्पा आत कचकचीत लागतो. इनो अर्धा चहाचा चमचा, आणि तो घातल्यावर भरायचं काम मोठ्यांचं. मुलाला यात गाजर सोलणं आणि दही घोटणं द्या. रव्याचा एक तृतीयांश भाग नाचणीच्या पिठाने बदलता येतो. त्यापुढे गेलं की आप्पे जड होतात आणि मुलं पहिल्याच घासाला नाक मुरडतात.

गोड आप्पे कोकणात आणि गोव्यात फणसाच्या रसात, काकडीच्या किसात करतात. वर्षभर मिळणाऱ्या वस्तूंत केळ्याचे बसतात. एक वाटी कणीक, एक मोठं काळे ठिपके पडलेलं केळं, अर्धी वाटी चिरलेला गूळ अर्ध्या वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून, दोन चमचे ओलं खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा. केळं कुस्करायचं काम दोन वर्षांचं मूलही काट्याने करतं. गुळाचं पाणी एकदम ओतू नका, केळ्याच्या पाणीपणाप्रमाणे शेवटचे दोन चमचे हातचे राखा. आच आंबवलेल्या पिठापेक्षाही मंद हवी. गूळ लवकर करपतो, बाहेरून काळा आणि आत ओला आप्पा मिळतो. तेलाऐवजी तूप लावलं तर वास काही वेगळाच येतो.

बिघडतं ते असं

आत कच्चा, बाहेर लाल: आच मोठी. पात्र एकदा फार तापलं की आच कमी करूनही दोन मिनिटं उतरत नाही, विशेषतः बीड. गॅसवरून खाली घ्या, मग पुन्हा चढवा.

सगळे चिकटले: बीडात असेल तर पात्र पुरेसं तापलं नव्हतं किंवा साबणाने घासून त्याचा तेलाचा थर गेला. नॉनस्टिकमध्ये असेल तर थर संपला. ओरखड्यांतून धातू चमकायला लागला की पात्र बदला, जास्त तेल घालून रेटू नका. तारेच्या घासणीने एका दिवसात हे होतं, नीट वापरलं तर पात्र तीन-चार वर्षं टिकतं.

उलथताना तुटले: घाई. काडी घातल्यावर आप्पा सहज फिरत नसेल तर तो अजून तयार नाही, अर्धा मिनिट थांबा.

डब्यात चिकट झाले: गरम गरम भरून झाकण लावलं. दहा मिनिटं जाळीवर पसरून वाफ जाऊ द्यावी. आंबवलेल्या पिठाचे आप्पे गार झाल्यावरही चार-पाच तास मऊ राहतात, रव्याचे कोरडे पडतात.

कोणत्या वयाला काय

दीड-दोन वर्षांचं मूल तांदूळ धुवायला, कोथिंबीर तोडायला, मटार सोलायला मदत करतं. मटाराचा कच्चा दाणा तोंडात टाकणार हे गृहीत धरून समोर बसा. तिसऱ्या वर्षी चमच्याने भरणं सुरू होतं, चौथ्या-पाचव्या वर्षी सारण, मोजमाप, तेल लावणं. सात-आठ वर्षांनंतर, ओट्याला पोट न टेकता उभं राहता येत असेल तर, मोठ्यांच्या शेजारी राहून काडीने उलथायला द्यावं. गरम पात्राची कड आणि झाकणाची वाफ, चटके बसतात ते या दोन ठिकाणी. झाकण नेहमी स्वतःपासून पलीकडे तिरकं करून उघडायचं हे त्याला पहिल्या दिवशी शिकवा.

खाताना लक्षात ठेवायचं ते हे. आप्पा गोल असतो आणि आत बाहेरपेक्षा जास्त वेळ गरम राहतो. तीन वर्षांखालच्या मुलाला अख्खा देऊ नका. चार तुकडे करा, तुकडे बोटाने दाबून गरमपणा बघा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आप्प्यांत शेंगदाणा, काजू किंवा कोणताही अख्खा सुकामेवा घालू नये, तो घशात अडकतो. कूट चालतो. एक वर्षाखालच्या बाळासाठी मीठ-गूळ न घातलेलं पीठ आधी बाजूला काढा.

चटणी मुलांसाठी वेगळी वाटावी लागत नाही. डाळं, ओलं खोबरं, आलं, मीठ, दही एवढं वाटून त्यांचा वाटा काढा, मग उरलेल्यात मिरची घालून पुन्हा एकदा मिक्सर फिरवा. तीन चमचे डाळ्याला अर्धी वाटी खोबरं हे प्रमाण दाट आणि आप्प्याला धरून राहणारं होतं. पातळ चटणी मुलाच्या हातून टेबलावरच जास्त सांडते.

आजीचं बीडाचं पात्र माळ्यावर असेल तर

बऱ्याच घरांत, विशेषतः कोल्हापूर, सोलापूरकडे आणि कोकणात, जुनं बीडाचं पात्र माळ्यावर गंजत पडलेलं असतं. ते टाकू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. जुनं, वापरून गुळगुळीत झालेलं बीड नव्यापेक्षा सरस असतं. गंज जाडं मीठ आणि अर्ध्या कापलेल्या बटाट्याने घासून काढा, हट्टी असेल तर तारेची घासणी इथे बिनधास्त वापरा. एकदाच साबणाने धुवा, लगेच पुसून मंद गॅसवर पाणी उडेपर्यंत ठेवा. गार झालं की प्रत्येक खळग्याला कापडाने तेलाचा अगदी पातळ हात द्या. तेल दिसलं म्हणजे जास्त झालं, ते पुसून घ्या. मंद आचेवर दहा मिनिटं तापवा, गार करा, पुन्हा तेल. असं चार-पाच वेळा केलं की खळगे काळे, एकसारखे तकतकीत दिसतात. जाड तेल लावून घाईने तापवलं तर थर चिकट राहतो आणि पुढे पापुद्रे निघतात. पहिला घाणा साध्या तांदूळ-उडदाच्या पिठाचा करा, कांदा-भाजी न घालता, आणि असे पाचसहा घाणे होईपर्यंत गोडाचे घालू नका. तोवर मुलाचं टेबलावरचं नॉनस्टिक आणि मोठ्यांचं ओट्यावरचं बीड अशी दोन्ही पात्रं एकाच सकाळी चालवता येतात. पीठ तेच, फक्त बीडाला आधी तापवायचं आणि नॉनस्टिकला नंतर.